जुन्या ध्वनिवर्धकाचा ताप

खोपोलीच्या वीजगृहांत घाटमाथ्यावरील पाण्याच्या बळावर १९१५ सालीं वीज निर्माण होऊं लागली, ती मुख्यत्वें मुंबईच्या गिरण्यांसाठीं. पायथ्याच्या खेड्यांतील घरोघरीं ती पोंचण्यास पुढें बराच काळ लागला. आज खालापूर तालुक्यांतील कुंभिवलीसारख्या गांवींही विजेची नवलाई उरलेली नाहीं. उलट त्या नवलाईच्या दिवसांत हौसेनें घेतलेलीं यंत्रें आतां म्हातारीं झालीं आहेत.

अशाच एका यंत्राची गांठ आम्हांस कुंभिवलीस एका आप्तांच्या घरीं पडली. माजघरांतील काचेच्या कपाटांत चाळीस वर्षांमागील ध्वनिवर्धक, ज्यास मुलें अँप्लिफायर म्हणतात तो, विराजमान होता. थोरल्या आजोबांनीं तो घेतलेला. त्यांच्या मागें आजी रोज पहाटे त्यावर भजनें ऐकत. एका सुनेनें मोठ्या मायेनें विणलेलें क्रोशाचें आच्छादन त्यावर होतें. अलीकडे मात्र तासाभरांत आंतून करपट वास येई व फ्यूज वारंवार जाई. शेवटीं घरांतील एका उत्साही चिरंजीवांनीं फ्यूजच्या जागीं जाड तार घातली! यंत्र मोडींत जाईल ही आजींस धास्ती, तर घरास आग लागेल ही सुनांस. दोन्ही भीति खऱ्या होत्या.

ध्वनिवर्धक घेतलेल्या विजेपैकीं बराच भाग उष्णतेंत घालवितो. तो त्याचा स्वभावच आहे. ही उष्णता बाहेर पडावी म्हणून त्यास वर व खालीं झरोके आणि आंत ॲल्युमिनियमचे पंख असतात. झरोके झांकले, पंखांवर धूळ बसली, कीं ताप आंतच कोंडतो. ट्रान्झिस्टर तापला म्हणजे अधिक प्रवाह ओढतो, आणि अधिक प्रवाहानें आणखी तापतो. हें दुष्टचक्र वेळींच न थांबलें तर तो जळून जातो. कंडेन्सरांतील द्रव उष्णतेनें सुकत जातो. सुमारें १० अंश ताप वाढला कीं कंडेन्सरचें आयुष्य निम्म्यावर येतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

यास्तव घरीं करण्यासारखें प्रथम सांगतों. यंत्र बंद कपाटांतून बाहेर काढावें. वर व बाजूंस वीतभर जागा मोकळी सोडावी. चालू असतां त्यावर कांहींही ठेवूं नये. मागें दाब निवडण्याची खुंटी असेल तर ती पाहावी. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरतात. खुंटी २२० वर असून २४० ची सोय असेल, तर ती कारागिराच्या सल्ल्यानें बदलून घ्यावी. स्पीकरही मोजून जोडावे. ८ ओहमचे दोन समांतर जोडले कीं यंत्रापुढें ४ ओहमच उरतात, आणि आवाजाची खुंटी तेथेंच असली तरी प्रवाह सुमारें दुप्पट होतो.

फ्यूज हा घराचा द्वारपाल आहे. त्याच्या जागीं जाड तार घालणें म्हणजे द्वारपालास झोंपवून चोरास वाट देणें होय. ठरविलेल्या अँपिअरचाच फ्यूज घालावा. तोही पुन्हां गेला तर यंत्र बंद ठेवून कारागीर बोलवावा. यंत्र स्वतः उघडूं नये. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरांत धोक्याचा विद्युद्भार राहूं शकतो.

जाणता कारागीर यंत्राच्या वाटेंत १०० वॅटचा जुन्या तऱ्हेचा तारेचा दिवा जोडतो. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर बरें; प्रखर जळत राहिला तर आंत दोष आहे असें समजावें. पावसाळाभर बंद राहिलेल्या जुन्या यंत्रास तर एकदम पूर्ण वीज देऊंच नये.

कुंभिवलीच्या यंत्राचे दोन फुगलेले कंडेन्सर बदलले, पंखांवरील धूळ झाडली, आणि योग्य फ्यूज पुन्हां जागेवर आला. आतां तासभर भजनें झालीं तरी वरून हात ठेववतो, वास येत नाहीं. क्रोशाचें आच्छादनही गेलेलें नाहीं. भजनें आटोपून यंत्र निवालें, कीं आजी तें आपल्या हातानें त्यावर घालतात, आणि पहाटे बटण दाबण्यापूर्वीं आठवणीनें काढून घडी करून ठेवतात.