पार्श्वनादाची दिशा
जत्रेबाहेर उभे राहिले की शब्द कळत नाहीत, गलबला तेवढा ऐकू येतो. तरी गर्दी कोणत्या अंगाला दाट आहे ते उमगते. कृष्णविवरांच्या व न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या विश्वात सतत विलीन होत असतात. २०१५ पासून लायगोने त्यांतील ठळक घटना टिपल्या. दूरच्या असंख्य घटनांचा मिळून मंद पार्श्वनाद असावा. लायगोला तो अद्याप सापडलेला नाही. या जोड्या दीर्घिकांत असतात आणि दीर्घिका पुंजक्यांनी विखुरलेल्या आहेत; म्हणून नादही दिशेगणिक किंचित असमान असणार. मात्र घटना थोड्या नोंदल्या तर निव्वळ योगायोगानेही असमानता दिसते. खरी कोणती, हे ठरवायला दीर्घकाळच्या नोंदी हव्यात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची नियोजित वेधशाळा दिशा अधिक नेमकी सांगू शकेल.