पहिल्या पावसाचा वास आणि पिंपरीचं औषध

वळवाची पहिली सर चाकणच्या रस्त्यावर कोसळते, तेव्हा कंटेनरच्या रांगा, कूलंटचा उग्र दर्प, पेंट शॉपमधलं थिनर सगळं क्षणभर मागे पडतं. फर्स्ट शिफ्ट सुटून कंपनीच्या बसकडे निघालेला कामगारही नकळत छाती भरून श्वास घेतो. मातीचा वास आला!

पण माती म्हणजे झिजलेल्या दगडाचा चुरा. तिला कसला आलाय वास? हा वास तिच्यात राहणाऱ्यांचा आहे. त्यांतले बिनीचे रहिवासी म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस. जात जीवाणूची, पण वाढ बुरशीसारखी, बारीक धागे पसरत. अन्न संपत आलं की ते बीजाणू धरतात, आणि याच सुमारास जिऑस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पावसाचा थेंब कोरड्या जमिनीवर आपटला की त्याच्या पोटात हवेचे बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटले की मातीतली द्रव्यं हवेत उधळली जातात. आपलं नाक या एका वासाबाबत भलतंच तिखट आहे. एक लाख कोटी भागांत जिऑस्मिनचे चार-पाच भाग असले, तरी ते ओळखतं.

मजा म्हणजे हा सुगंध आपल्यासाठी नाहीच. मातीत स्प्रिंगटेल नावाचे टिचभरही नसलेले, टुणकन उडणारे जीव असतात. ते या वासाच्या मागावर येतात, स्ट्रेप्टोमायसिसवर ताव मारतात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू पुढच्या गावाला नेऊन पोचवतात. २०२० साली शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. आमंत्रण त्यांना, आणि खूश आपण!

माती आणि कुजण्यातून उठणाऱ्या वासाचं असं कौतुक मात्र नेहमी झालेलं नाही. १७९३ साली अमेरिकेच्या कोवळ्या प्रजासत्ताकाच्या राजधानीत, फिलाडेल्फियात, पीतज्वर पसरला. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीतली सुमारे पाच हजार माणसं दगावली. शहरातले नामांकित वैद्य बेंजामिन रश हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेले गृहस्थ. त्यांनी बोट दाखवलं ते धक्क्यावर सडत पडलेल्या कॉफीच्या पोत्यांकडे. कुजक्या वासाने हवा नासते आणि नासक्या हवेने ताप येतो, हा त्या काळचा प्रचलित सिद्धांत होता. उपाय काय, तर रक्त काढणं आणि पाऱ्याचे जुलाब. डास पीतज्वर पसरवतो, हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावं लागलं. रश यांच्या पिढीला सडण्या-कुजण्यात फक्त रोग दिसत होता. त्याच कुजण्यात औषधही शिजत असेल, अशी शंका यायला आधी जंतूंचं काम समजावं लागलं.

ती शंका खरी ठरली विसाव्या शतकात. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलिन सापडलं. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन मिळवलं, तेही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसकडूनच. जगभरच्या प्रयोगशाळा मग मातीच्या पुड्या गोळा करू लागल्या.

आणि इथे पिंपरी येते. आपलंही प्रजासत्ताक तेव्हा कोवळंच होतं. पिंपरी म्हणजे पुण्याबाहेरचं एक गाव आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची छावणी. एमआयडीसीचा जन्म व्हायला अजून आठ वर्षं होती. अशा माळावर १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड उभी राहिली. औषधं बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचं साहाय्य मिळालं, आणि १९५५ साली पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. लोकांच्या तोंडी तिचं नाव झालं ‘एचए’. पुढे गाड्या आणि सुटे भाग यांच्यासाठी नावाजलेल्या या पट्ट्यात टाक्यांमध्ये आधी बुरशी पिकली.

पण एचएने नुसतं शिकलेलं औषध बनवलं नाही. एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी थेट मातीकडे वळले. अशा शोधाची रीत साधी, पण चिकाटी पाहणारी असते. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचं, थेंबभर अन्नद्रव्याच्या थाळीवर पसरायचं. उगवलेला प्रत्येक ठिपका वेगळा वाढवायचा आणि रोगजंतूच्या शेजारी ठेवायचा. हजारो ठिपक्यांपैकी एखाद्याभोवती स्वच्छ रिंगण पडतं: जंतू तिथे वाढायला धजावत नाही. त्या रिंगणात औषध असतं.

पिंपरीच्या मातीतल्या अशाच एका जीवाणूचं नाव त्यांनी ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्याच्याकडून मिळालं हॅमायसिन, बुरशीवर चालणारं औषध. १९६१ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. नावातलं ‘हॅ’ म्हणजे एचए! पुढे अमेरिकेतही रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला.

बुरशीचं औषध शोधणं अवघड, कारण बुरशी जीवाणूपेक्षा आपल्याला जास्त जवळची. तिच्या पेशींची ठेवण आपल्या पेशींसारखी. तिला मारायला जावं तर आपणच घायाळ. पण एक फरक आहे. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात त्याचा चुलतभाऊ एर्गोस्टेरॉल. हॅमायसिनच्या कुळातली औषधं एर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट धरतात. आवरणाचं काम बिघडतं, पेशीतला ऐवज पाझरून जातो आणि बुरशी मरते. आणि हे विष बनवणारा जीवाणू? त्याच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नसतंच. शेजाऱ्याच्या घराला भगदाड पाडणारी पहार घरात ठेवून तो निवांत झोपतो.

२०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाइकांनी पुणं-मुंबई पालथी घातली होती. तेही याच कुळातलं, आणि व्हेनेझुएलाच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसचं देणं.

पिंप्रिनाने आणखी एक द्रव्य दिलं, त्याचं नाव पिंप्रिनिन. १९६३ साली त्याची रचना उलगडली, आणि त्याच्या धर्तीवर पिकांवरच्या बुरशीसाठी नवी द्रव्यं घडवण्याचे प्रयत्न दूरदेशी होत राहिले. १९६८ साली एचएमधूनच अँटिअमिबिन आलं. ज्या बुरशींकडून ते मिळालं, त्यांतल्या एकीचं नाव ‘पूनेन्सिस’. पेशीच्या आवरणातून विद्युतभारित कण आरपार कसे जातात, हे समजून घेणाऱ्यांना ते आजही उपयोगी पडतं.

एचएला पुढे उतरती कळा लागली. आज मेट्रो तिच्या बाजूने जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून धावते आणि फार थोडे प्रवासी खिडकीतून तिकडे बघतात. तिथला माळ डांबर आणि काँक्रीटखाली गेला. पण दोन ब्लॉकच्या फटीत, रुळांकडेच्या गवतात, एखाद्या शेडच्या मागच्या उघड्या कोपऱ्यात मूठभर माती उरतेच. पाऊस पडला की ती वास सोडते. तो आला, म्हणजे खालचे कारागीर अजून कामावर आहेत.