फिरत्या ध्वनिवर्धन यंत्रणेतील दोषनिवारण

फिरत्या ध्वनिवर्धन यंत्रणेतील दोषनिवारण म्हणजे कार्यक्रमस्थळी नेऊन जोडल्या जाणाऱ्या ध्वनियंत्रणेतील बिघाड ओळखण्याची व दूर करण्याची पद्धत होय. गायन, कीर्तन, भजन तसेच तबला, संवादिनी (पेटी), सतार, गिटार इत्यादी वाद्यांच्या मैफलींत अशी यंत्रणा वापरली जाते. सभागृहात कायमस्वरूपी बसवलेल्या यंत्रणेच्या तुलनेत फिरत्या यंत्रणेत बिघाडाची शक्यता अधिक असते. तिची प्रत्येक जोडणी दर कार्यक्रमाला नव्याने करावी लागते, केबल वारंवार गुंडाळल्या व उलगडल्या जातात, आणि वीजपुरवठा व जागेचा घुमारा प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. नेहमी आढळणारे दोष तीन प्रकारचे असतात: आवाज न येणे किंवा तुटक येणे, घरघर आणि शिट्टी (फीडबॅक). या तिन्हींची कारणे भिन्न असल्यामुळे दोषाचा प्रकार ओळखणे ही दोषनिवारणाची पहिली पायरी मानली जाते.

ध्वनिसंकेताचा मार्ग

ध्वनिक्षेपक (माइक) किंवा वाद्यावरील पिकअप हवेतील अथवा लाकडातील कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. हा संकेत केबलमधून मिक्सरकडे, तेथून अ‍ॅम्प्लिफायरकडे व शेवटी स्पीकरकडे जातो. अनेक फिरत्या यंत्रणांत अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या पेटीतच बसवलेला असतो. दोष या साखळीच्या कोणत्याही कडीत असू शकतो. त्यामुळे साखळी क्रमाने तपासणे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे हे दोषनिवारणाचे मूलभूत तत्त्व आहे. एकाच वेळी केबल, माइक व मिक्सरवरील मांडणी बदलल्यास आवाज पूर्ववत झाला तरी दोष कोठे होता हे कळत नाही आणि सदोष वस्तू पुढच्या कार्यक्रमातही वापरली जाते.

आवाज न येणे किंवा तुटक येणे

मिक्सरवरील त्या चॅनेलचा संकेतदर्शक दिवा प्रथम पाहिला जातो. दिवा हलत असूनही आवाज येत नसल्यास दोष मिक्सरच्या पुढे, म्हणजे मुख्य आउटपुट, त्याची केबल किंवा स्पीकर यांत असतो. अथवा चॅनेल म्यूट केलेला किंवा त्याचा फेडर खाली असतो. दिवा हलतच नसल्यास दोष माइक, केबल किंवा गेनच्या मांडणीत असतो. अशा वेळी चालू स्थितीतील दुसऱ्या माइकची केबल या माइकला लावून पाहिल्यास दोष माइकचा की केबलचा हे लगेच कळते. केबल बदलण्यापूर्वी चॅनेल म्यूट करणे आवश्यक असते. अन्यथा होणाऱ्या धमाक्याने स्पीकरला व श्रोत्यांच्या कानांना इजा पोहोचू शकते.

कंडेन्सर प्रकारच्या माइकला मिक्सरकडून 48 व्होल्टचा पुरवठा (फँटम पॉवर) लागतो. तो बंद असल्यास माइक निर्दोष असूनही आवाज येत नाही. डायनॅमिक माइकला या पुरवठ्याची गरज नसते. तुटक आवाज किंवा खरखर यांचे नेहमीचे कारण म्हणजे जॅकजवळ तुटलेली तार. केबल जॅकपाशी हळूच हलवल्यावर खरखर वाढत असेल तर ती बदलली जाते. बिनतारी माइकमध्ये प्रथम बॅटरी तपासली जाते.

घरघर आणि विद्युत सुरक्षा

भारतात घरगुती वीजपुरवठा 230 व्होल्ट व 50 हर्ट्‌झचा असतो. यामुळे विजेची घरघर प्रामुख्याने 50 व 100 हर्ट्‌झच्या आसपास ऐकू येते. मिक्सर एका बोर्डावर व स्पीकर दूरच्या दुसऱ्या बोर्डावर जोडल्यास दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक पडून ध्वनिकेबलच्या आवरणातून विद्युतप्रवाह वाहतो आणि घरघर सुरू होते. यास अर्थिंगचे वेटोळे (ग्राउंड लूप) म्हणतात. संपूर्ण यंत्रणेला एकाच ठिकाणाहून वीज देणे, संतुलित केबल वापरणे आणि वाद्याचा संकेत डीआय बॉक्समधून नेऊन त्यावरील अर्थिंग-विलगक खटका वापरणे हे त्यावरील सुरक्षित उपाय आहेत. ध्वनिकेबल वीजवाहक वायरपासून दूर ठेवल्याने व त्यांना काटकोनात ओलांडल्यानेही घरघर कमी होते.

प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकल्यास घरघर अनेकदा थांबते. परंतु हा उपाय प्राणघातक ठरू शकतो. उपकरणात बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या आवरणात वीज उतरते आणि तारवाद्याला हात व माइकला ओठ लावलेल्या कलाकाराच्या शरीरातून ती वाहते. 1972 मध्ये वेल्समधील स्वान्झी येथे स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श झाल्याने मंचावर विजेचा धक्का बसून मृत्यू झाला. मंचाच्या वीजपुरवठ्यावर 30 मिलिअँपिअर क्षमतेचा गळतीरोधक खटका (आरसीसीबी) असल्यास असा धोका बराच कमी होतो.

शिट्टी (फीडबॅक)

स्पीकरमधील आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून त्याचे वर्धन होत राहिल्यास शिट्टी किंवा घुमणारा आवाज निर्माण होतो. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून या घटनेस लार्सन परिणाम असेही म्हणतात. शिट्टी वाजताच त्या माइकचा फेडर खाली घेतला जातो. कायमचा उपाय मात्र मांडणीत करावा लागतो.

मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या दिशेने ठेवले जातात. माइक व गायकाचे मुख यांतील अंतर निम्मे केल्यास माइकपाशी पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि गेन तितकाच कमी करता येतो. चालू माइकांची संख्या दुप्पट झाल्यास शिट्टीपूर्वी उपलब्ध असणारी पातळी सुमारे 3 डेसिबलने घटते. म्हणून वापरात नसलेले माइक बंद ठेवले जातात. हृदयाकृती (कार्डिऑइड) माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे कलाकाराचा मॉनिटर त्याच्या थेट मागे ठेवतात. सुपरकार्डिऑइड माइकच्या बाबतीत मात्र मॉनिटर थेट मागे न ठेवता मागील तिरक्या बाजूस ठेवावा लागतो. शिट्टी वाजताच माइकची जाळी हाताने झाकण्याची सवय घातक असते. जाळीमागील छिद्रे बंद झाल्याने माइक सर्व दिशांचा आवाज घेऊ लागतो व शिट्टी वाढते.

मांडणी सुधारल्यानंतरही विशिष्ट वारंवारता घुमत असल्यास इक्वलायझरवर तेवढाच अरुंद पट्टा कमी केला जातो. अनेक पट्टे खाली आणल्यास शिट्टी थांबते, परंतु वाद्याचा मूळ नादही नाहीसा होतो.

वाद्यांनुसार आढळणारे दोष

तानपुऱ्याचा आवाज मूळचा मंद असल्याने त्याच्या माइकचा गेन वाढवला जातो आणि तो प्रथम घुमू लागतो. अशा वेळी गेन वाढवण्याऐवजी माइक वाद्याच्या जवळ आणला जातो. तबला व डग्ग्यासाठी दोन स्वतंत्र माइक वापरल्यास त्यांपैकी एकाची ध्रुवता उलट असल्यामुळे खर्जाचा भाग नाहीसा होऊ शकतो. मिक्सरवरील ध्रुवता-बदलाचा खटका दाबून ते तपासता येते. संवादिनीचा माइक भात्याच्या फार जवळ असल्यास हवेचा आवाज येतो. गिटारचा पिझो पिकअप थेट मिक्सरला जोडल्यास आवाज पातळ व कर्कश होतो. त्यासाठी सुमारे 1 मेगाओहम किंवा अधिक इनपुट रोध असलेला डीआय बॉक्स किंवा प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतो. गिटारची पोकळी सुमारे 100 हर्ट्‌झला घुमत असल्यास तिच्या तोंडावर रबरी झाकण बसवतात.

कार्यक्रमापूर्वीची तपासणी

यंत्रणा सुरू करताना मिक्सर प्रथम व स्पीकर शेवटी सुरू केले जातात; बंद करताना क्रम उलट असतो. प्रत्येक चॅनेल एकेक करून तपासला जातो आणि गायकाला तपासणीत प्रत्यक्ष मैफलीइतक्या जोरात गायला सांगितले जाते. रिकाम्या सभागृहातील घुमारा श्रोते आल्यावर कमी होतो, त्यामुळे अंतिम मांडणी कार्यक्रमाच्या प्रारंभी पुन्हा जुळवावी लागते. एक जादा माइक, दोन केबल व बॅटऱ्या मंचाजवळ ठेवल्यास मैफल न थांबवता बहुतेक बिघाड दूर करता येतात.