पेटीतले कात्रण

आजोबांचे नाव आपण सगळे सांगतो. पणजोबांचे विचारले, की पुष्कळ जण थांबतात. आणि पणजीचे नाव? ते तर घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही आठवत नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गाला चाळिशीचे एक शेतकरी येत असत. अक्षरे जुळवता येऊ लागली, तसे एके दिवशी ते फडक्यात बांधलेला एक कागद घेऊन आले. वर्तमानपत्राचे कात्रण होते ते. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले.

"आजीच्या पेटीत होतं," ते म्हणाले. "ती म्हणायची, ह्यात तुझ्या आज्याचं नाव हाय. पण तिला वाचता येत नव्हतं, अन् माझ्या बापालाबी नाही."

त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवले. सहाच ओळी, पण बराच वेळ लागला. आजोबा मुंबईला लालबागच्या एका गिरणीत जॉबर होते. गावच्या भजनी मंडळाचे काम पाहत. सोमवार ता. 18 रोजी परळच्या इस्पितळात वारले. मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली असा परिवार आहे.

महिना नाही, साल नाही. आणि साल तर हवेच होते. जमिनीचा सातबारा अजून आजोबांच्याच नावावर होता. वारसांची नावे लावायची, तर तलाठी मृत्यूचा दाखला मागत. दाखला काढायला तारीख पाहिजे. घरात विचारले तर म्हणत, "लई वर्सं झाली."

आम्ही कात्रण उलटून पाहिले. जुन्या कात्रणाची मागची बाजू नेहमी पाहावी. मागे अर्धी बातमी होती. आपले सैन्य गोव्यात शिरले, पोर्तुगीजांचे राज्य संपले, अशी. गोवा मोकळा झाला तो 19 डिसेंबर 1961 रोजी. मग 1961 चे कॅलेंडर पाहिले. त्या वर्षी 18 तारखेला सोमवार दोनदाच आला होता, सप्टेंबरात आणि डिसेंबरात. म्हणजे आजोबा वारले 18 डिसेंबर 1961 ला. इकडे गोवा सुटत होता आणि तिकडे परळला हा माणूस जात होता.

कात्रण म्हणजे सरकारी दाखला नव्हे, हे ध्यानात ठेवा. ते फक्त वाट दाखवते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणसाच्या गावी नव्हे. म्हणून गावातल्या दप्तरात शोधून उपयोग नव्हता. अर्ज मुंबई महापालिकेच्या परळ भागाच्या कचेरीत करावा लागला. नाव, तारीख आणि ठिकाण तिन्ही हाती होते, म्हणून नोंद सापडली.

ज्यांच्या पेटीत असे कात्रण नाही त्यांनी काय करावे? मोठ्या ग्रंथालयांत जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली असतात. 'केसरी' 1881 साली निघाला, 'नवाकाळ' 1923 साली, 'सकाळ' 1932 साली. साल आणि महिना अंदाजाने जरी ठाऊक असला, तरी एकेक अंक चाळता येतो. पण एक खरे सांगतो. निधनाची बातमी बहुधा शहरातल्या, नावाजलेल्या नाहीतर कुठल्या तरी मंडळातल्या माणसाची छापत. शेतमजुराची कोण छापणार? गावात वारलेल्यांसाठी कोतवाल बुक पाहावे. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहीत. त्याची नक्कल तहसील कचेरीत मागावी.

त्याहून जुने कागद मोडी लिपीत असतात. ते वाचायला जाणकार लागतो. त्यांत 'तुका बिन राणू' असे असेल तर तुका हा राणूचा मुलगा. 'सखू कोम तुका' असे असेल तर सखू ही तुकाची बायको. साल शके असे दिले असेल, तर त्यात 78 मिळवा. शके 1840 म्हणजे इसवी सन 1918. नोंद पौष, माघ किंवा फाल्गुनातली असेल, तर बहुधा 79 मिळवावे लागतात.

बघा, त्या मोडी कागदात सखूचे नाव तरी आहे. आमच्या कात्रणात बायकोला नुसते 'पत्नी' म्हटले आहे आणि मुलींचा नुसता आकडा दिला आहे.

पण त्या आकड्यानेच घोटाळा झाला. वारसाच्या अर्जात त्या शेतकऱ्याने दोनच आत्या लिहिल्या होत्या. कात्रणात मुली तीन! त्यांनी थोरल्या चुलत्याला विचारले. चुलते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "होती एक धाकटी. तिच्या लग्नात भांडण झालं. मग येणं-जाणं तुटलं."

तिचे नाव घरात कोणी काढत नसे. दोनच नावे लावून काम भागले असते, असे सांगणारेही भेटले. पण बापाच्या वाट्यात मुलीचाही वाटा असतो. तसा कायदा 1956 सालीच झाला. 2005 साली तो सुधारला, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. वारसाच्या अर्जात एकाही मुलीला गाळता येत नाही. आमचा शेतकरी म्हणाला, "कागदात तीन हायेत, तर तीनच लिहायच्या."

गावाचे नाव चुलत्यांनी सांगितले. दोन एस्. टी. बदलून ते तिथे गेले. घराच्या ओट्यावर आतेभाऊ बसला होता. त्याला ओळख पटेना. तेव्हा यांनी फडके सोडले आणि कात्रण त्याच्या हाती दिले. त्याने सहा ओळी वाचल्या, आणि घरात तोंड करून हाक मारली,

"आये, बाहेर ये. तुझ्या माहेरचं माणूस आलंय."