एक शहर, चार विद्यापीठांच्या पदव्या

पदवीचा निकाल लागला की सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आधी आजोबा गणपतीला पेढे, मग गल्लीत फ्लेक्स. फोटोत काळी टोपी हवीच, पदवीदान लांब असलं तरी!

पण जुन्या सोलापूरकरांच्या घरी पिढीगणिक विद्यापीठ बदललेलं दिसतं.

दयानंद महाविद्यालय १९४० सालचं. तेव्हा पदवी मुंबईची. १९४९ नंतर पुण्याची. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं आणि सोलापूर कोल्हापूरला जोडलं गेलं. २००४ साली फक्त सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ आलं. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव आहे.

निकालानंतर हाती येते ती गुणपत्रिका. पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो. पेढ्यांच्या गडबडीत नेमकं तेच राहतं.

तुमच्या घरातली सर्वांत जुनी पदवी कुठल्या विद्यापीठाची?