विश्लेषण : सेमी-हॉलो गिटारचा आवाज ‘बद्द’ का येतो? कमी खर्चात तो कसा खुलवता येईल?

रुंद, पातळ अंग आणि त्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे असलेली सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटार जॅझ, ब्लूज, रॉक अशा सगळ्याच संगीतात चालते. एकेकाळी ती महागडी होती. आता चीन आणि इंडोनेशियात तयार होणाऱ्या गिटारींमुळे ती हौशी वादकाच्याही आवाक्यात आली आहे. मात्र घरी आणून अ‍ॅम्पला जोडल्यावर अनेकांची तक्रार एकच असते. आवाज बद्द येतो, तोंडावर रुमाल धरून कोणी बोलावे तसा. मग पिकअप बदलावेत की गिटारच विकावी, असा प्रश्न पडतो. बऱ्याचदा या दोन्हींची गरज नसते. आवाजातली चमक नेमकी कुठे गळते आहे, हे आधी शोधले तर काही शे रुपयांतही काम भागू शकते.

सेमी-हॉलो म्हणजे नेमके काय?

पूर्ण पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज मोठा केला की स्पीकरचा आवाज गिटारच्या पोकळीत घुमतो आणि शिट्टीसारखा ‘फीडबॅक’ सुरू होतो. यावर उपाय म्हणून वादक लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून त्याला दोन्ही बाजूंनी पोकळ गिटारचे ‘पंख’ जोडले होते. ‘द लॉग’ या नावाने ती गिटार प्रसिद्ध झाली. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने ‘ईएस-३३५’ बाजारात आणली. तिच्या मधोमध मेपलचा भरीव ठोकळा होता आणि दोन्ही बाजू पोकळ. आजच्या बहुतेक स्वस्त सेमी-हॉलो गिटारी याच आराखड्यावर बेतलेल्या असतात.

म्हणजे तारा, ब्रिज आणि पिकअप भरीव लाकडावरच असतात. अंगाच्या पुढच्या-मागच्या फळ्या मूळ ‘ईएस-३३५’मध्येही प्लायवूडसारख्या थर चिकटवून केलेल्या होत्या. त्यामुळे ‘स्वस्त गिटारमध्ये प्लायवूड आहे, म्हणून आवाज बद्द’ हे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही. एफ-छिद्रांचेही तसेच. बी. बी. किंग यांच्या नावाने १९८० मध्ये निघालेल्या ‘ल्यूसिल’मध्ये फीडबॅक टाळण्यासाठी ती ठेवलेलीच नव्हती.

‘चमक’ म्हणजे काय आणि ती कुठे हरवते?

नेहमीच्या सुरावटीत सर्वात जाड तार मोकळी वाजवली की तिची कंपने सेकंदाला सुमारे ८२ असतात. सर्वात बारीक तारेवर अगदी शेवटच्या पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर, बोट ठेवले तरी मूळ स्वर सुमारे १,२०० हर्ट्झच्या आतच राहतो. कानाला जाणवणारी चमक या मूळ स्वरांत नसते. त्यांच्यासोबत उमटणाऱ्या वरच्या उपस्वरांत, ढोबळमानाने २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, ती असते. हा पट्टा दबला की सूर बरोबर लागूनही वाद्य झोपल्यासारखे वाटते.

तारेपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेत हे उपस्वर अनेक ठिकाणी गळतात. तारा, पिकअप, व्हॉल्यूम व टोनचे पॉट, टोनचा कपॅसिटर, केबल आणि अ‍ॅम्प, यांपैकी प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे जाते. एकदा गेलेले परत आणण्यासाठी अ‍ॅम्पवरचा ट्रेबल वाढवला तर सोबत खरखरही वाढते. म्हणून मुळातली गळती थांबवणे शहाणपणाचे.

पहिली तपासणी फुकटची आहे. गिटार कशालाही न जोडता शांत खोलीत वाजवावी. तेव्हाही आवाज मेलेला वाटत असेल तर दोष तारा, नटच्या खाचा, फ्रेट किंवा ब्रिज यांपैकी कशात तरी आहे. नुसती वाजवताना खणखणीत आणि अ‍ॅम्पला जोडल्यावरच बद्द असेल, तर पुढच्या विद्युत भागाकडे पाहावे. दुसरी गिटार त्याच केबलने, त्याच अ‍ॅम्पला जोडूनही खात्री करता येते.

सुरुवात तारांपासूनच का?

नव्या गिटारवरच्या तारा नव्या असतातच असे नाही. कारखाना, जहाज, गोदाम आणि दुकान असा प्रवास करत त्या कित्येक महिने जुन्या झालेल्या असू शकतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत त्यात घामाची भर पडते. गुंडाळीच्या तारांच्या वेढ्यांत मळ आणि गंज साचला की सर्वात आधी उपस्वरच मरतात. निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या तारा शुद्ध निकेलच्या तारांपेक्षा उजळ वाजतात. ‘फ्लॅटवाउंड’, म्हणजे चपट्या गुंडाळीच्या तारा मुद्दाम मऊ, गडद आवाजासाठीच असतात. गिटारवर त्या असतील तर बद्दपणाचे कोडे तिथेच सुटते.

तारा बदलताना नट पाहून घ्यावा. खाच फार रुंद किंवा चुकीच्या उताराची असेल तर मोकळी तार नीट टेकत नाही आणि तिचा आवाज लवकर विझतो. फ्रेटवर दाबलेली तार छान वाजते, पण मोकळी मात्र बद्द, असे असेल तर नटवरच संशय घ्यावा.

पिकअपची उंची किती फरक पाडते?

बराच. तेही फक्त स्क्रू-ड्रायव्हरच्या खर्चात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तारेचा तळ आणि पिकअपचा वरचा खिळा यांतले अंतर मोजावे. ब्रिजजवळच्या पिकअपसाठी सुमारे १.६ मिलिमीटर आणि मानेकडच्या पिकअपसाठी सुमारे २.४ मिलिमीटर ही सुरुवात करण्याजोगी मापे आहेत.

बद्दपणाची तक्रार बहुधा मानेकडच्या पिकअपबद्दल असते. तिथे तारेची कंपने मोठी असतात, त्यामुळे खर्जाचा लोंढा येतो. अशा वेळी पिकअप वर घेण्याचा मोह होतो. पण करायचे असते उलट. तो खाली घ्यावा, विशेषतः जाड तारांच्या बाजूने. आवाज थोडा कमी होतो, पण मोकळा होतो. ती कमतरता अ‍ॅम्पवर भरून काढता येते. पिकअपवरचे खिळे फिरणारे असतील तर बारीक तारांखालचे किंचित वर घेऊन तोल साधता येतो. एका वेळी अर्धा फेरा फिरवावा आणि ऐकावे.

नॉबच्या खाली काय दडलेले असते?

प्रत्येक नॉबखाली पोटेन्शिओमीटर, म्हणजे वादकांच्या भाषेत ‘पॉट’ असतो. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पूर्ण उघडे असले तरी पॉट सिग्नलवर भार टाकतातच. सेमी-हॉलो गिटारमध्ये बहुधा दुहेरी वेटोळ्यांचे ‘हम्बकर’ पिकअप असतात आणि त्यांच्यासाठी ५०० किलोओहमचे पॉट रूढ आहेत. व्हॉल्यूम व टोनचे असे दोन पॉट मिळून वरच्या उपस्वरांना सुमारे २५० किलोओहमचा भार जाणवतो. हेच पॉट २५० किलोओहमचे असले तर भार १२५ किलोओहमचा होतो. आकडा जितका लहान, तितकी गळती जास्त. कमी किमतीच्या काही गिटारींत कमी मूल्याचे पॉट आढळतात आणि तिथेच चमक जमिनीत मुरते.

पॉट कोणता आहे हे गिटार न उघडताही कळू शकते. एफ-छिद्रातून टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा घालून पॉटवरचा शिक्का वाचता येतो. ‘ए ५००’ म्हणजे ५०० किलोओहमचा लॉगरिदमिक आणि ‘बी २५०’ म्हणजे २५० किलोओहमचा लिनिअर. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा असेल तर तो ०.०२२चा केल्याने टोन कमी करताना आवाज एकदम चिखलात जात नाही. मात्र टोन पूर्ण उघडा असताना त्याने फारसा फरक पडत नाही.

व्हॉल्यूम दहावर असताना आवाज छान, पण सातवर आणला की बद्द, अशीही तक्रार असते. त्यावर व्हॉल्यूमच्या पॉटवर ‘ट्रेबल ब्लीड’, म्हणजे साधारण ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडतात. हे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधता येतात.

केबलमुळे आवाज बदलतो, हे खरे का?

खरे आहे, आणि त्यामागे साधे गणित आहे. पिकअप हे तारेचे वेटोळे. केबल हा लांबट कपॅसिटर. दोन्ही मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला उठाव देतात आणि त्यापुढचे सारे झपाट्याने कमी करतात. पिकअपचे इंडक्टन्स ५ हेन्री, त्याची स्वतःची धारिता १५० पिकोफॅरड आणि केबलची दर मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर ३ मीटरच्या केबलने हा उठाव सुमारे ३,३५० हर्ट्झवर येतो. केबल ६ मीटरची केली की तो सुमारे २,६०० हर्ट्झवर उतरतो. खोलीत सराव करणाऱ्याने लांबलचक केबल वापरणे म्हणजे चमक विनाकारण गमावणे. रंगमंचावर लांब केबल लागणारच असेल तर सुरुवातीला बफर असलेला पेडल ठेवावा. त्याच्यापुढच्या केबलचा भार मग पिकअपवर येत नाही.

मग पिकअप बदलण्याची वेळ कधी येते?

वरचे सर्व करून समाधान झाले नाही तरच. हम्बकर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास विकसित केला. त्या जुन्या पिकअपचा रोध साधारण ७ ते ९ किलोओहम असे. जास्त वेढे दिले की आवाज मोठा होतो, पण इंडक्टन्स वाढून उठाव खाली सरकतो. मल्टीमीटरने १३-१४ किलोओहम दिसले तर पिकअप मुळातच ‘गरम’ आणि गडद असण्याची शक्यता असते. अर्थात तारेची जाडीही यात महत्त्वाची असल्याने केवळ या आकड्यावरून निकाल देता येत नाही.

दुसरा संशयित म्हणजे पिकअपवरचे चकचकीत झाकण. ते पितळेचे असेल तर त्यात फिरणारे भोवरा-प्रवाह वरचे उपस्वर खातात. जर्मन सिल्व्हरच्या झाकणाचा परिणाम खूपच कमी असतो. पिकअपमधून चार स्वतंत्र वायर निघत असतील तर आणखी एक मार्ग आहे. दोन्ही वेटोळी एकामागे एक न जोडता समांतर जोडली की इंडक्टन्स जवळपास एकचतुर्थांश होते. आवाज लहान पण उजळ होतो आणि गुणगुण रोखण्याचा हम्बकरचा गुणही टिकतो.

हे काम घरी करता येते का?

तारा, उंची आणि केबलचे काम कोणीही करू शकतो. पॉट बदलणे मात्र सेमी-हॉलोमध्ये किचकट असते, कारण मागे उघडण्यासाठी झाकण नसते. सगळी वायरिंग एफ-छिद्रातून किंवा पिकअपच्या खोबणीतून बाहेर काढावी लागते. अनुभवी कारागीर प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा किंवा बारीक रबरी नळी अडकवतात, मगच तो आत ढकलतात. म्हणजे परत ओढून घेता येतो. नवी वायरिंग आधी पुठ्ठ्यावर त्याच अंतराची भोके पाडून बाहेरच पूर्ण करतात. मजुरी जास्त लागते ती यामुळेच. म्हणून एकदा वायरिंग बाहेर काढली की पॉट, कपॅसिटर आणि ट्रेबल ब्लीड एकत्रच उरकावे.

खरेदीपूर्वी मोजमाप घेणेही गरजेचे आहे. आशियात बनलेल्या अनेक गिटारींत पॉटसाठी ८ मिलिमीटरचे भोक असते, तर अमेरिकी धाटणीच्या मोठ्या पॉटला सुमारे ९.५ मिलिमीटरचे लागते. जुने नॉबही नव्या दांड्यावर बसतीलच असे नाही. भोक मोठे करताना वरचा पातळ थर चिरला तर दुरुस्ती गिटारपेक्षा महाग पडायची.

कुठे थांबावे?

खर्चाचा क्रम सोपा आहे : नव्या तारा, पिकअपची उंची, आखूड केबल, नट, पॉट आणि सर्वात शेवटी पिकअप. प्रत्येक बदलानंतर काही दिवस वाजवून पाहावे आणि समाधान झाले की तिथेच थांबावे. मान वाकलेली असेल किंवा फ्रेट उखडलेले असतील, तर महागडा पिकअप लावून उपयोग नाही. आधी त्या दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीशी ताडून पाहावा.

काही मर्यादाही मान्य कराव्या लागतात. दोन हम्बकर आणि सुमारे ६२८ मिलिमीटर तारलांबीची सेमी-हॉलो गिटार ६४८ मिलिमीटरच्या, एकेरी वेटोळ्याचे पिकअप असलेल्या टेलिकास्टरसारखी कधीच टणत्कार करणार नाही. तिचा ऊबदार, गोल आवाज हाच तिचा गुण आहे आणि जॅझ वादक तर टोन कमी करून तो आणखी गडद करतात. गळती थांबवल्यावर उरतो तो तिचा स्वतःचा आवाज. तो पसंत नसेल, तर मात्र पैसे सुट्या भागांवर घालण्याऐवजी वेगळ्या जातीची गिटार घेण्यासाठी राखून ठेवणे बरे.