कंबरदुखी : ‘आराम करा’ म्हणून भागत नाही

देवळी, हिंगणघाटकडे कापूस वेचणीत बाया दिवसभर वाकून असतात. मजुरी किलोवर. त्यांना ‘आराम करा’ सांगणे ही थट्टाच.

दुखणे 3 महिन्यांहून अधिक टिकले की ते दीर्घकालीन मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा कंबरदुखीत पट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीचा उपचार म्हणून नकोत. दुखण्याची समज आणि व्यायाम हवा.

ही समज मोबाइलवरूनही देता येते. ‘दुखते म्हणजे मणका झिजला’ ही भीती गेली की माणूस हलू लागतो. पण नुसता व्हिडिओ फॉरवर्ड करून काम होत नाही, ध्येय लागते, आणि ते तिने स्वतः ठरवलेले. ‘बरे व्हायचे’ हे ध्येय नव्हे. ‘या आठवड्यात रोज 10 मिनिटे चालेन, पुढच्या आठवड्यात 12’ हे ध्येय. बरे वाटले त्या दिवशीही 10च; त्रास वाढला तर कमी, पण शून्य नाही.

मावशीकडे स्मार्टफोन नसेल तर तरुणांनी आपला घेऊन विहारात सोबत बसावे. ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो.

पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आला किंवा पडल्यावर दुखू लागले, तर मात्र फोन ठेवा आणि थेट सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठा.